अर्जात घातलेली विहीर

माझी जाऊ कमलबाई हिला देवानं दोन गोष्टी माझ्यापेक्षा जास्त दिल्या. एक गोरा रंग आणि दुसरा चंद्रभान. रंगाचं मी कधी मनावर घेतलं नाही. उन्हात राबलं की सगळ्या बायका एकाच रंगाच्या होतात. पण चंद्रभान काही उन्हात काळवंडला नाही. तो वर्षा-वर्षाला उजळतच गेला.

माझा भुजंग आणि तो एकाच महिन्यातले. तेव्हा वाटणी झाली नव्हती, दोघींची बाळंतपणं एकाच घरात झाली. एकाच मास्तराच्या छड्या खाल्ल्या दोघांनी आणि मॅट्रिकही एकाच साली झाले. पण मी बत्तासे वाटायला निघाले, तर बोरी गावात ज्याच्या-त्याच्या दारात एकच प्रश्न. "सरजाबाई, चंद्रभानला किती पडले?" बत्तासा तोंडात माझा आणि चौकशी तिच्या पोराची.

सासरे गेले आणि घरात भिंत आली. मालकही मागोमाग गेले. रान वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. विहीर काही उचलून वाटता येत नाही, ती सामाईक राहिली. उन्हाळ्यात आमच्या विहिरीची तऱ्हा अशी, की सकाळी जो पहिल्यांदा इंजिन लावील त्याच्या मिरचीला पाणी, मागून येईल त्याला चिखल. मी म्हटलं, थोरलं घर माझं, पहिली पाळी माझी. माझा दीर सटवाजी म्हणाला, एक दिवसाआड करू. सटवाजी म्हणाला म्हणजे कमलबाई म्हणाली. त्या माणसाला स्वतःचं म्हणणं कधी नव्हतंच. मग मी परभणीच्या कोर्टात दावा लावला. पेशीच्या दिवशी मी आणि भुजंग एका यष्टीत, ती दोघं त्याच यष्टीत, पण तोंडं वेगळ्या खिडकीला.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली दत्तराव गुरुजींकडं येणाऱ्या पेपरात आलं, की त्याच परभणीच्या कोर्टात कारकून घ्यायचे आहेत. मॅट्रिक पाहिजे आणि अर्ज स्वतःच्या अक्षरात पाहिजे. भुजंगनं मला सांगितलं तेव्हा मला कोर्ट डोळ्यासमोर दिसलं. जिथं मी बाहेर बसून पुकाऱ्याची वाट बघते, तिथं माझा लेक आत पंख्याखाली बसलाय. मी आले की शिपाई उठून म्हणतोय, "या बाई, आत बसा." कमलबाई बाहेरच.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीला निघाले. पंचायतीच्या ओट्यावर माणसं जमली होती आणि गुरुजी एक कागद मोठ्यानं वाचत होते. मी पदर सावरून बाजूला उभी राहिले. अर्ज होता. चंद्रभानचा.

लहानसाच होता. नाव, गाव, वय, शिक्षण. आणि शेवटी, "मला उर्दू लिहिता-वाचता येते. निजामाच्या काळातली जुनी कागदपत्रे मी वाचू शकतो."

गुरुजी थांबले. त्यांनी चष्मा वर केला. "या वाक्याकडं बघा. कचेरीत जुन्या खटल्यांच्या मिसलींचे गठ्ठे पडलेत आणि वाचणारी माणसं म्हातारी होत चालली. साहेबाची नजर इथंच थांबणार. अर्ज असावा तर असा."

कुणीतरी म्हणालं, "कमलबाईनं नशीब काढलं."

दळण डोक्यावर होतं, ते मला एकदम जड झालं.

उर्दू! कुणाची उर्दू ती? माझ्या सासऱ्याची. म्हातारा निजामाच्या कचेरीत अर्ज्या लिहायचा. गोठ्यापुढच्या मातीत बोटानं अक्षरं काढून त्यानं नातवाला शिकवली. दोन्ही नातवांना शिकवणार होता. पण भुजंग त्या वेळेला विहिरीत उड्या मारायला पळायचा. म्हणजे ती उर्दूही आमच्या विहिरीसारखी सामाईकच. फक्त तिची पाळी माझ्या घराला कधी आली नाही.

घरी येऊन भुजंगला धरलं. तो अर्ज लिहायलाच बसला होता.

"वाच."

"माय, पुरं तं लिव्हू दे."

"झालं तेवढं वाच."

त्यानं वाचलं. "सविनय विनंती की..."

"विनंती कामून? त्यांना माणूस पायजे, तुला काम पायजे. ह्यात विनंती कुणी कुणाला करायची?"

"तसंच लिव्हतेत माय. शेवटी 'आपला आज्ञाधारक' बी लिव्हावं लागतं."

"तुझ्या बापानं जन्मात कुणाची आज्ञा ऐकली न्हाई. माझीबी."

"कलेक्टरबी असंच लिव्हतो."

"कुणाला?"

"त्याच्या वरच्याला."

"अन् समद्यात वरचा कुणाला लिव्हतो?"

भुजंग हसायला लागला. मी नाही हसले. मला त्या कागदात वजन दिसत नव्हतं. नाव, गाव, वय, शिक्षण. एवढं तर कुणीही लिहील.

"उर्दू घाल."

"मला अलिफच्या पुढं येत न्हाई, माय."

"मंग तुला येतंय तरी काय?"

हे मी बोलले आणि त्याचं तोंड उतरलं. तो टाकाची निब पुसत बसला. मला वाटलं, अरे, ह्या पोराला काय येत नाही? नांगर येतो, इंजिन उघडून जोडता येतं. पण कोर्टात इंजिन कुठं? आणि मग मला सुचलं. कोर्ट! सगळ्या बोरीत कोर्ट कुणी जवळून बघितलं असेल तर माझ्या भुजंगनं. एक पेशी त्यानं चुकवली नाही. बेलिफ त्याला नावानं हाक मारतो. मिसल कुठल्या कपाटातून निघते, शिक्का कुणाच्या मेजावर असतो, हे चंद्रभानला काय माहीत? तो बापाबरोबर कधी आलाच नाही, घरी पुस्तक घेऊन बसला.

"लिव्ह," मी म्हटलं. "आमच्या घराण्याचा आपल्या कोर्टाशी जुना संबंध हाय."

"माय..."

"लिव्ह म्हणते ना. आमचा विहिरीचा दावा आपल्याच कोर्टात चालू असून, अर्जदार परत्येक पेशीला आईबरोबर हजर असतो. कोर्टाची रीत, वकील, बेलिफ समद्यांची त्याला ओळख हाय. असं लिव्ह. तुझ्या चांगल्या भाषेत लिव्ह."

 मग त्याच्याही मनाला पटलं. "हे खरं हाय," म्हणाला, आणि टाक बुडवला. अक्षर जरा तिरकं आलं, पण अर्ज चंद्रभानच्या अर्जापेक्षा लांब झाला. मी दुसरीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून 'विहिरीचा दावा' एवढं स्वतः वाचून बघितलं आणि मगच पाकीट चिकटवू दिलं.

बोलावणं दोघांनाही आलं. गावात कुणी म्हणालं, "अरे वा, भुजंगलाबी आलं?" त्या 'बी'साठी मी त्या माणसाला पुढं बरेच दिवस ओळख दिली नाही.

बोलावण्याच्या दिवशी आम्ही चौघं परभणीला गेलो. सटवाजी मिरचीला थांबला होता, म्हणून कमलबाईच आली. पोरं आत गेली. आम्ही दोघी कोर्टाच्या आवारातल्या निंबाखाली बसलो, जिथं पेशीला बसतो तिथंच. फक्त त्या दिवशी वकील नव्हते म्हणून मधे जागा रिकामी होती.

तिनं फडकं सोडलं. "बाई, भाकर खाता का?"

"आमी खाऊन निघालाव." खाल्लं नव्हतं.

"भुजंगचा सदरा नवा दिसायलाय."

"हाय की. आमी कामाला शिवतो. सणाची वाट बघत बसत न्हाई."

तिनं ठेचा भाकरीवर घेतला. "चंद्रभानचं तं पुस्तकातून डोकंच वर येईना. मी म्हणलं, लेकरा, डोळे जातील."

"माझ्या भुजंगला वाचायची गरज न्हाई. त्याला कोर्ट पाठ हाय."

"व्हय, ते खरं हाय," ती म्हणाली. "तुमच्यामुळं आमालाबी पाठ झालंय."

गोरं माणूस टोमणा मारतं तेव्हा तो लागत कसा नाही लोकांना, देव जाणे. मला लागला. मी तोंड फिरवून शिपायांची ये-जा बघत बसले.

आधी चंद्रभान बाहेर आला. पांढराफटक. आईजवळ येऊन उभा राहिला. मागून भुजंग आला.

"काय झालं रे?"

"साहेबानं माझा अर्ज वाचला, माय. पुन्हा एकदा वाचला. मंग हसला. म्हणला, विहिरीचा दावा कुणावर? मी म्हणलं, काकावर. काकाचं नाव काय? म्हणलं, सटवाजी. त्यानं ह्याचा अर्ज काढला अन् बापाचं नाव बघितलं."

"मंग?"

"म्हणला, ज्या घरचा दावा इथं चालू हाय त्या घरचं पोरगं मी इथं कसं बसवू? उद्या तीच मिसल तुमच्या हातात यील. महिन्याच्या आत दावा मिटला तं बघू. न्हाई तं दोघांचीबी नावं काटतो."

कमलबाईच्या हातातली भाकर तशीच राहिली. "म्हंजे माझ्या चंद्रभानला घेत व्हते?"

"काकी, त्याला तं साहेब उर्दूत बोलले," भुजंग म्हणाला. "एक जुना कागद काढून वाचायला दिला. ह्यानं घडाघडा वाचला."

ती माझ्याकडं वळली. "बाई, कशाला घातली हो विहीर अर्जात? तुमी तुमचं तं बुडवलं, माझ्या लेकराचंबी बुडवलं."

"खोटं लिव्हलं का काय मी? दावा हाय तं हाय. तुमी लपवला, आमी लिव्हला."

आणि खरं सांगते, छातीत गार वाटलं. चंद्रभानचं ते उजळ तोंड त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या भुजंगच्या तोंडासारखं दिसत होतं. दोघंही मातीत बसले होते. एकसारखे.

पण भुजंग उठला आणि माझ्यासाठी न थांबता यष्टीकडं चालू लागला. मी मागून हाका मारत गेले.

चार दिवसांनी सटवाजी आला. माझ्यापुढं यायचं म्हणजे तो टोपी काढून हातात घेतो. "वैनी, मिटवून टाकू. एक दिवसाआड करू."

"एक दिवसाआडच करायचं व्हतं तं इतके हेलपाटे कशाला घातले?"

"ते तुमीच घातले, वैनी."

त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. माझ्या वकिलानं सांगितलं होतं की पुढच्या एक-दोन पेशीत निकाल आपल्या बाजूनं लागतोय. आणि मला दिसत होतं ना सगळं. मी सही केली की चंद्रभान पंख्याखाली जाऊन बसणार. साहेब त्याच्याशी उर्दूत बोलला होता, माझ्या लेकाला पाहून हसला होता. सही नाही केली तर दोघंही आपापल्या बापाच्या रानात. दोन घरं एका उंचीची. मी का सही करू? जावेचं घर उंच करायला माझी विहीर का घालू?

भुजंग जेवायला यायचा, जेवायचा, जायचा. एके दिवशी ताट सरकवून म्हणाला, "माय, तू सही का करंनास?"

"तुला मिळणार हाय का ते काम?"

"न्हाई मिळणार, बहुतेक."

"मंग?"

"मला साहेबानं न्हाई म्हणू दे. तू कामून म्हणतीस?"

असं पोरगं आईला बोललं म्हणजे आईनं काय करावं? मी ताट उचललं आणि घासत बसले. घासून घासून ते आरशासारखं झालं, तरी सही काही निघाली नाही. 

महिना संपत आला तेव्हा कमलबाई आली. भर दुपारी, गल्लीतून, सगळ्यांच्या समोरून. भिंत झाल्यापासून तिनं माझा उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशीही ओलांडला नाही, ओट्याखालीच उभी राहिली. शेजारची सुलाबाई दारात तूर पाखडत होती, तिचं सूप हवेतच थांबलं.

"बाई, पहिली पाळी तुमची."

"काय?"

"पहिली पाळी तुमची. रोज. कायमची. ह्यांना म्हणलं, लिव्हून द्या, अन् ते देतेत."

"अन् तुमची मिरची?"

"जळू द्या. चंद्रभान कोर्टात बसला तं मला चिखलबी गोड हाय. तुमी फक्त सही करा."

ती रडली नाही, हात जोडले नाहीत, काही नाही. बोलली आणि गेली. सुलाबाई म्हणाली, "आई असावी तं अशी."

मग मी कोण होते? मावशी?

ऐका आता माझी गत. ज्या पाळीसाठी मी पेश्या केल्या, उन्हातान्हात निंबाखाली बसले, दिराशी बोलणं टाकलं, ती पाळी मूठभर भुईमूग पोराच्या हातावर ठेवावा तशी तिनं माझ्या ओट्यावर ठेवली. मी जिंकले होते. आणि गावात नाव कुणाचं? तिचं. गिरणीवर तेच, पाणवठ्यावर तेच. कमलबाईनं लेकरासाठी पाणी सोडलं. सरजाबाईनं काय केलं, तर घेतलं.

नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. परभणीला गेलो. वकिलानं तडजोडीचा कागद लिहिला आणि वाचून दाखवला. "सदर विहिरीची पहिली पाळी दररोज व कायम सरजाबाई यांची राहील." सटवाजी मान खाली घालून टोपीचा काठ चाचपत होता. कमलबाई बाजूला उभी होती. वकिलाचा कारकून, शिपाई, सगळे तिच्याकडं असे बघत होते जसं देवीच्या मुखवट्याकडं बघावं.

माझ्या हातात टाक दिला. मी खाली ठेवला.

"खोडा ते."

वकील दचकला. "काय खोडू?"

"पाळीचं. एक दिवसाआड लिव्हा."

"बाई, अहो, आपण जिंकत आलेला दावा. हे लोक स्वतः होऊन देताहेत."

"देतेत ना? मंग मीबी देते. तिला एकटीलाच देता येतं व्हय?"

"वैनी," सटवाजी म्हणाला, "आमी मनापासून..."

"तुमचं मन तुमच्यापाशी ठिवा, भाऊजी. लिव्हा वकीलसाहेब. एक दिवसाआड. अन् पहिला दिवस त्यांचा."

हे शेवटचं मला बोलायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, कारण कमलबाई माझ्याकडं बघत होती आणि अजून तिच्या नजरेत ती माझ्यापेक्षा वरच होती. पहिला दिवस दिला तेव्हा कुठं नजर खाली आली.

मी सही केली. जोडाक्षरासकट पूर्ण नाव. कमलबाईची सही लागतच नव्हती, तरी वकिलानं साक्षीदार म्हणून तिला पुढं बोलावलं. तिनं अंगठा दिला. नंतर बराच वेळ ती शाई पदराला पुसत होती. तेवढं मला बरं वाटलं.

भुजंग यष्टीत माझ्या शेजारी बसला. जेवणाचं फडकं त्यानं माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवलं.

हुकूम चंद्रभानला आला. भुजंगला साहेबानं नाहीच म्हटलं. त्या रात्री तो पोटभर जेवला, आणि माझा घास मात्र तोंडात फिरत राहिला. साहेबानं नाही म्हणावं, असं त्याला हवं होतं, तसं झालं. मला काय हवं होतं, ते कुणी विचारलं?

चंद्रभान गेला त्या दिवशी अर्धा गाव यष्टीला होता. त्याची पत्र्याची पेटी कुणी डोक्यावर घ्यावी? माझ्या भुजंगनं. मी दारात उभी राहून बघत होते. तिच्या लेकाच्या अंगात कोरा सदरा आणि माझ्या लेकाच्या डोक्यावर त्याची पेटी, आणि दोघंही कशावर तरी खिदळत चाललेले. मी हाक मारून थांबवणार होते. पण काय म्हणून थांबवू?

आठ-पंधरा दिवसांनी कमलबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. बोलावलं नव्हतं. खाली नाही, ओट्यावरच बसली, जशी वाटणीच्या आधी बसायची. मी ज्वारी निवडत होते. तिनंही सुपातून मूठभर घेतली आणि खडे काढायला लागली.

"काय हो, कोर्टाच्या आईसाहेब," मी म्हटलं, "आज आमच्याकडं कशा?"

ती हसली नाही. "घर खायला उठायलंय बाई. हे रानात. चंद्रभान दर शनिवारी येतो म्हणला व्हता. आला न्हाई. जुन्या मिसली लय हायेत म्हणं, साहेब सोडंना. भाकरी टाकायला बसले की त्याच्याबी टाकते अन् मंग म्हशीला घालते."

 तिच्या बोटाला अजून शाईचा डाग आहे का ते मी बघितलं. नव्हता.

"तुमचा भुजंग तरी डोळ्यापुढं हाय," ती म्हणाली.

चंद्रभान जन्मला तेव्हापासून मी ज्या वाक्याची वाट बघत होते, ते वाक्य हेच, हे मला तिनं म्हटल्यावर कळलं. मी सूप खाली ठेवलं. भुजंग मागं गोठ्यात इंजिनचा पट्टा जोडत होता. तासाभरापूर्वीच जेवून उठला होता.

"भुजंगा," मी हाक मारली, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "ये रे राजा, गरम भाकर झाली. माझ्यापाशी बसून खा."